कागदावरचा लेक

यास्परबाबांनी जन्मात एक रेघ काढली नाही, तरी आमच्या हार्लेम गावातल्या निम्म्या घरांच्या भिंतींवर त्यांच्या हातचं काम चिकटवलेलं आहे. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरणारा वेगळा, ते विकून पैसे करणारा वेगळा. या दोघांच्या मध्ये जो कोपरापर्यंत काळा झालेला माणूस असतो, ते यास्परबाबा. कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वरची शाई फडक्याने आणि शेवटी तळहाताने पुसायची, ओला कागद पसरायचा आणि रुळांच्या छापयंत्रातून दाबून काढायचा. यंत्राच्या चाकाला लांब लांब दांडे असतात. ते ओढताना यास्परबाबा एक पाय खालच्या दांड्यावर देऊन असे लोंबकळायचे की दुकानात नवा आलेला माणूस त्यांना धरायला धावे. मग त्याला शिव्या खाव्या लागत.

त्याच दुकानाच्या माडीवर मी छापलेली चित्रं रंगवते. टान्नेके माझं नाव. लग्न होऊन या गल्लीत आले, लवकरच विधवा झाले आणि हातात कुंचला घेतला, तो अजून सुटला नाही. यास्परबाबांचं दार माझ्या दाराच्या बरोबर समोर. ते घरात खोकले तरी माझ्या चुलीपाशी ऐकू यायचं. माणूस बढाईखोर, भांडखोर, आणि मनाने इतका मऊ की कसायाकडे स्वतः कधी जायचा नाही, बायकोला पाठवायचा.

त्यांचं एक खूळ होतं. छापलेल्या कागदावर त्यांचा देवासारखा विश्वास. तांब्यावर सगळं उलटं असतं आणि कागदावर आलं की सुलटं होतं, हे त्यांनी उभा जन्म पाहिलेलं. म्हणून तांबं म्हणजे लबाड आणि कागद म्हणजे साक्षात सत्य, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. छापील पंचांगात ऊन लिहिलेलं असेल तर भर पावसात टोपी न घालता कामावर येत. मी म्हणायची, "यास्परबाबा, खिडकीतून बाहेर तरी बघायचंत!" तर म्हणत, "खिडकी कुणी तपासून छापलीय होय गं?"

बायबलमधला उधळ्या पुत्र सगळं उडवून घरी परततो आणि बाप त्याला जवळ घेतो, त्या गोष्टीचं आमच्या दुकानाचं गाजलेलं चित्र त्यांच्याच घरातून निघालं. म्हणजे बाप आणि लेक म्हणून बसले ते यास्परबाबा आणि त्यांचा मुलगा लीव्हन. ती गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की मीच तिथे हजर होते असं मला वाटतं. चित्रं कोरणारे फ्लोरिस मास्तर एका दुपारी दुकानात आले. मालकाला लग्नसराईच्या आत चित्र हवं होतं, आणि मास्तरांना तर दारूपुढे वेळच नव्हता. त्यांनी मेण चढवलेला पत्रा मांडीवर घेतला आणि म्हणाले, यास्पर, तुझ्यासारखा फाटका बाप आणि तुझ्या पोरासारखा फाटका पोर मला शोधून मिळायचा नाही, बसा दोघं समोर. लीव्हनला गुडघ्यावर बसवलं, तोंड जरा वळवलं, गालावर उजेड घेतला. यास्परबाबांना म्हणाले, डावा हात आशीर्वादाला वर धर, म्हणजे छापल्यावर उजवा दिसेल. बायबलमधल्या बापाने डाव्या हाताने आशीर्वाद दिला तर धर्मगुरू मला जिता ठेवणार नाहीत.

"माझा दंड भरून आला," यास्परबाबा सांगत, "आणि हा मास्तर बीअर पीत पीत सरळ तांब्यावरच काढतोय! आधी कागदावर काढणं नाही, आरसा नाही, काही नाही. असा हात होता त्याचा!"

लीव्हनच्या गालावर एक व्रण होता, डोळ्याखालून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. लहानपणी छापयंत्राचा दांडा उलटा फिरून त्याला लागला होता. मास्तरांनी तोही कोरला. म्हणाले, घर सोडून गेलेल्या पोराच्या तोंडावर जगाचा एखादा फटका दिसलाच पाहिजे.

चित्र तुफान चाललं. आणि पुढच्याच वसंतात लीव्हन खरोखरच घर सोडून गेला, पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजावर. यास्परबाबांना तो यंत्रावर हवा होता. भांडण झालं. पोरगा उंबऱ्यातून बाहेर पडताना बाप ओरडला, "जातोस तर जा! पण येशील तेव्हा चित्रातल्यासारखा गुडघ्यावर ये!" गल्लीने ते ऐकलं. मी मात्र ऐकलं नाही, कारण माझं लग्न त्यानंतरचं. लीव्हनला मी ओळखायची ती फक्त कागदावर. त्याच्या डाव्या गालावरच्या व्रणात मी लाल रंगाची बारीक ओळ भरायची. किती वेळा भरली असेल ते देव जाणे.

दोन वर्षांनी एका खलाशाने निरोप आणला की लीव्हनचं जहाज तिकडे बुडालं. त्याची आई लाइस्बेट म्हणाली, खलाशी खोटं बोलतोय. धाकटी हिल्ले तेव्हा नुकती चालायला लागली होती, तिला भाऊ म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. लाइस्बेट तिला उचलून भिंतीवरच्या चित्रापाशी न्यायची आणि विचारायची, "दादा कुठाय?" पोर त्या व्रणावर बोट ठेवायची.

मग एक भामटा आला. अशी माणसं तेव्हा बंदरांतून फिरायची. जहाजावर कुणाकडून तरी घरची माहिती काढायची आणि हरवलेला लेक बनून दारात उभं राहायचं. याच्या गालावर व्रणच नव्हता. यास्परबाबांनी विचारलं, तर म्हणाला, तिकडच्या उन्हाने भरून आला. लाइस्बेट म्हणाली, "मला व्रण नको, मला पोरगा हवाय." तिने त्याला ताकातली लापशी करून घातली, नवऱ्याचा रविवारचा कोट घातला. तो आठवडाभर खाऊन पिऊन राहिला आणि एका सकाळी तो कोट आणि लीव्हनच्या बारशाचा चांदीचा चमचा घेऊन पसार झाला. त्या हिवाळ्यात लाइस्बेट गेली. वैद्याने छातीचं दुखणं सांगितलं. यास्परबाबांनी भामट्याचं नाव घेतलं. मला यास्परबाबांचं पटलं.

त्यानंतर त्यांनी ते चित्र आतल्या भिंतीवरून काढलं आणि दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर खिळ्याने ठोकलं. "आता कुणी आला," ते म्हणाले, "तर आधी याच्याशी ताडून बघेन. मग आत घेईन."

आणि एके दिवशी सकाळी तो आला.

मी माझी पायरी घासत होते, हिल्ले समोर तिची. ती आता लग्नाची झाली होती. गल्लीच्या तोंडाशी मासळी विकणारा हेरिंगवाला ओरडत होता. एक माणूस खलाशाची ढगळ विजार घालून, खांद्यावर बोचकं घेऊन आला. तोंड पिवळं पडलेलं, पुढचे दात गेलेले, वय सांगता येऊ नये असा. तो हिल्लेसमोर थांबला आणि बघतच राहिला. हिल्ले उठली आणि तिने ओला झाडू झटकला.

"कोण पाहिजे?"

"यास्पर आहेत घरात?"

यास्परबाबा दाराशी आले. दाराचा खालचा अर्धा भाग लावलेलाच होता. वरच्या उघड्या भागातून त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं. तो माणूस बोचकं खाली ठेवून गल्लीच्या ओल्या दगडांवर गुडघे टेकून बसला.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही सांगितलं होतंत तसाच आलोय."

हेरिंगवाल्याचं ओरडणं बंद पडलं. खिडक्या उघडल्या. माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला.

"हेही कळलं का तुम्हा लोकांना?" यास्परबाबा म्हणाले. आवाज थरथरत होता, पण रागाने. "कुठल्या खानावळीत विकतात रे माझ्या घरच्या गोष्टी? टोपी काढ. उजेडात तोंड कर."

त्याने टोपी काढली. गालावर व्रण होता. डोळ्याखालून ओठापर्यंत, जुना, पांढरा पडलेला. हिल्लेच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली. यास्परबाबांचा हात दाराच्या कडीवर गेला. ते कडी काढणार होते, हे मी शपथेवर सांगते. मग ते थांबले. वळले, दारामागचं चित्र खिळ्यावरून ओढून काढलं आणि त्या माणसाच्या तोंडाशेजारी धरलं.

कागदावर व्रण डाव्या गालावर होता. त्या माणसाचा उजव्या.

यास्परबाबा हसले. ते हसणं मला आजही ऐकू येतं.

"अरे मेल्या, मागचा तो निदान तोंड कापून तरी आला नव्हता! तू कापलंस, ते चुकीच्या बाजूला? आरशात बघून सुरी चालवलीस काय?"

गल्ली हसली. हसणारच होती, कारण सगळ्यांनाच डावा गाल पाठ होता. हिल्लेला, हेरिंगवाल्याला, मला.

त्या माणसाने गालाला हात लावला, जणू तोंड कुणी दुसऱ्याचं लावलंय की काय ते चाचपतोय. "बाबा, हा आपल्या यंत्राचा दांडा..."

"दांड्याचं सगळ्या गावाला माहीत आहे. मीच सांगत सुटलोय."

"अहो बाबा, तुमच्या हातात आहे तो कागद आहे! कागद!"

"हो, कागदच. तांबं खोटं बोलतं, कागद बोलत नाही. माझा लेक छापखान्यात वाढला, त्याला एवढं कळलं असतं."

तो माणूस उठला. गुडघे भिजले होते. "आई कुठाय?" त्याने विचारलं.

"तुझ्याच भावकीतल्या एकाने मारली तिला. चालता हो."

आणि यास्परबाबांनी दाराचा वरचा भागही लावून घेतला.

तो तिथेच उभा राहिला. मग बोचक्यातून फडक्यात बांधलेली एक पुडी काढून त्याने हिल्लेने नुकत्याच घासलेल्या पायरीवर ठेवली आणि स्पार्ने नदीकडे चालू लागला. हिल्लेने पुडी उघडली. जायफळं होती. लाइस्बेट लापशीवर जायफळ किसायची, परवडे तेव्हा, म्हणजे नाताळला. हिल्ले माझ्याकडे बघून म्हणाली, "टान्नेकेमावशी, हे चोराला कुणी सांगितलं असेल?"

मी म्हटलं, "जहाजावर माणसं जेवणाबद्दलच बोलतात गं. दुसरं असतं काय त्यांच्याकडे बोलायला!" मला ते तेव्हा खरंच वाटत होतं.

दुपारी मी रंगवलेल्या चित्रांचा गठ्ठा घेऊन माडीवरून खाली आले तेव्हा दुकानात जत्रा भरली होती. शेजारचा पुस्तकं बांधणारा कोर्नेलिस, दोन गडी, मालक स्वतः. हिल्ले बापाची भाकर घेऊन आली होती. यास्परबाबांच्या हातात बीअरचा मोगा होता आणि ते सकाळची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होते.

"मला फसवायला आला! मला! अहो, ते चित्र काढलं तेव्हा मीच बसलो होतो ना? लीव्हन इथे, असा गुडघ्यावर. मास्तर तिथे, पत्रा मांडीवर. सरळ तांब्यावर, आरसा नाही, काही नाही. आणि मी असा. मला म्हणाला, यास्पर, डावा हात वर कर, म्हणजे छापल्यावर उजवा..."

त्यांचा डावा हात वर गेला होता. तो तिथेच राहिला.

आम्ही वाट बघत होतो. मालक हसतच होते. कोर्नेलिस म्हणाला, "म्हणजे छापल्यावर उजवा. पुढे?"

यास्परबाबा स्वतःच्या हाताकडे बघत होते. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत गेला. मोग्यातली बीअर विजारीवर सांडत होती, त्यांना कळत नव्हतं.

"टान्नेके," ते म्हणाले, "सकाळच्या माणसाचा व्रण कुठल्या गालावर होता?"

"उजव्या."

"नक्की?"

आणि मग ते माझ्याही डोक्यात शिरलं. हात उलटा झाला, तर गालही उलटाच होणार! आशीर्वादाचा हात मास्तरांनी आठवणीने बदलून घेतला, कारण तो हात धर्मगुरू बघणार होते. छापणाऱ्याच्या पोराचा गाल कोण बघतंय? तो जसा दिसला तसा तांब्यावर गेला आणि छापताना दुसऱ्या बाजूला आला. एवढी साधी गोष्ट. यास्परबाबा ती दरवेळी स्वतःच्या तोंडाने सांगत होते, हात वर करून दाखवत होते. दिवसभर उलट-सुलट करणारी आम्ही माणसं, आमच्यातल्या एकालाही ती कळली नाही. गठ्ठा हातातून सुटला.

यास्परबाबा जमिनीवर बसले. रडले नाहीत.

"मी कडी काढत होतो," एवढंच म्हणाले.

हिल्लेने भाकरीचं फडकं तसंच मुठीत धरलं आणि बापाला दंडाला धरून उठवलं. "उठा. तो नदीकडे गेलाय. उठा ना, बाबा!"

आम्ही तिघं धावलो. बाप लाकडी खडावांत, कोपरापर्यंत काळा, डोक्यावर टोपी नाही. लोक बाजूला होत होते. आम्‍स्टरडॅम वेशीबाहेर, नदीपलीकडच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा कालव्यातली नाव सुटली होती. तिथल्या हमालाने सांगितलं, दात पडलेला एक खलाशी बराच वेळ चर्चच्या अंगणात थडग्यांवरची नावं बघत फिरत होता, आताच नावेत बसला.

आमच्या कालव्यातल्या नावा घोडा ओढतो, आणि घोडा काठाने माणसाच्या चालीने चालतो. त्यामुळे नाव गाठायला वेळ लागला नाही. तो मागच्या बाजूला बसला होता. यास्परबाबा काठावरून त्याच्या बरोबरीने चालू लागले. मध्ये चार हात पाणी.

"लीव्हन!"

त्याने मान वळवली नाही.

"लीव्हन, माझी चूक झाली. ऐकतोस का? चित्र उलटं होतं. फ्लोरिसने हात तेवढा बदलला, गाल नाही बदलला. लीव्हन!"

नावेतल्या एका बाईने त्याला कोपराने ढोसलं. "अरे, म्हातारा तुला हाक मारतोय. तुझा बाप आहे का?"

"नाही," तो म्हणाला. मोठ्याने नाही, पण आम्हाला ऐकू येईल असं. "मी विचारलं होतं सकाळी. त्यांनीच सांगितलं, नाही म्हणून."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. यास्परबाबांच्या चालण्यात मात्र खंड पडला नाही. नावाड्याला दया आली. तो ओरडला, "म्हातारबा, थांबवतो मी नाव. या आत, बसा."

"त्याने बोलावल्याशिवाय मी कसा चढू?" यास्परबाबा म्हणाले.

त्याने बोलावलं नाही. मग ते चालतच राहिले. वारा समोरून होता. खडावांनी त्यांचे पाय सोलले, तेव्हा त्या हातात घेतल्या आणि पायमोज्यांवर चालले. मी दोनदा म्हटलं, "यास्परबाबा, बसा जरा." त्यांनी ऐकलंच नाही. ते नावेकडे तोंड करून बोलत होते. आधी चित्राबद्दल, मग भामट्याबद्दल, मग लाइस्बेटबद्दल. ती कशी खलाशाला खोटारडा म्हणाली, शेवटच्या दिवसांत तिने काय काय मागितलं. नावेतली माणसं ऐकत होती, हसायची थांबली होती. एक म्हातारा डोळे पुसत होता. ज्याच्यासाठी ते सगळं चाललं होतं तो मात्र दुसऱ्या काठाकडे बघत होता.

अर्ध्या वाटेवर हाल्फवेख गावापाशी बांध आडवा येतो. तिथे सगळ्यांना उतरावं लागतं आणि बांध ओलांडून पलीकडची दुसरी नाव धरावी लागते. त्यामुळे त्याला उतरावंच लागलं. तो उतरला तेव्हा यास्परबाबा समोर उभे होते. धापा टाकत होते, पायमोज्यांना रक्त लागलं होतं.

त्याने टोपी घातली होती, मफलर तोंडावर ओढून घेतला होता. तो म्हणाला, "डोळे मिटा."

यास्परबाबांनी डोळे मिटले.

"आता सांगा. कुठला गाल?"

कुणीही सांगितलं असतं. रस्ताभर दुसरं काय बोलत आले होते ते? पण यास्परबाबांचा काळा हात हवेत वर आला, एका बाजूला गेला, परत आला, दुसऱ्या बाजूला गेला. हिल्ले पुढे व्हायला गेली, मी तिला धरलं. कधी नव्हे ते मला देवाची प्रार्थना करावीशी वाटली की उजवा म्हणा, फक्त उजवा म्हणा.

"उजवा, असं आता मला माहीत आहे," यास्परबाबा म्हणाले. "पण मला दिसत नाही रे. डोळे मिटले की चित्रच दिसतं. तुझं तोंड मला आठवत नाही. किती वर्षं झाली, आठवतच नाही. मी त्या कागदालाच लीव्हन म्हणत होतो."

असं कुणी स्वतःच्या लेकाला सांगतं? घालवलंच म्हातार्‍याने सगळं, असं मला वाटलं.

लीव्हनने मफलर काढला, टोपी काढली. "मग डोळे उघडा," तो म्हणाला, "आणि बघून घ्या."

यास्परबाबांनी डोळे उघडले. दोघं तसेच उभे राहिले. बाप लेकाचं तोंड बघत होता, अगदी जवळून, छापलेला कागद उचलून कुठे शाई कमी पडली का ते बघायचा तसा. गालाला हात लावायला गेला आणि स्वतःचा काळा हात बघून मागे घेतला. लीव्हन हलला नाही. त्याची हनुवटी मात्र हलत होती.

पलीकडच्या नावेचा कर्णा वाजला. लीव्हनने टोपी घातली. हिल्लेने मुठीतलं फडकं त्याच्या हातात कोंबलं. बापाची दुपारची भाकर आणि चीज होतं त्यात.

"पायरीवर होतीस ती तू?" त्याने विचारलं.

"हो. मी हिल्ले, तुझी बहीण. तू गेल्यावर जन्मले."

"आईसारखी झालीस." मग बापाकडे न बघता म्हणाला, "दोरखंडाच्या कारखान्यात मला काम मिळेल असं एकाने सांगितलंय. आम्‍स्टरडॅममध्येच. जहाजावर आता जात नाही." आणि बांधावर चढून पलीकडे उतरला.

तेवढ्या बोलण्यावर यास्परबाबा पुढची सगळी वर्षं जगले. महिन्यातून एका रविवारी ते दाढी करून, हात चुन्याने घासून आम्‍स्टरडॅमची नाव धरायचे. लीव्हन खोलीचं दार उघडायचा, स्टुल द्यायचा, बीअर ओतायचा. पहिलं वर्षभर दोघं काही बोलतच नसत म्हणे. नंतर दोरांबद्दल बोलायचे, बाजारभावाबद्दल, दमट हवेबद्दल. संध्याकाळी बाप परत यायचा आणि मी दारात दिसले की सांगायचा, "आज त्याने पाव कापून दिला," "आज म्हणाला, पायरीवर सांभाळून." एवढं तोंड भरून सांगायचा की जणू राजाने मेजवानी दिली.

पण घरी तो आला नाही. नाताळला नाही, हिल्लेच्या लग्नाला नाही. हिल्लेने ते चित्र चुलीत घातलं, तेव्हा यास्परबाबांनी अडवलं नाही. दुकानात मालकाने त्याच पत्र्याच्या नव्या प्रती काढायला सांगितल्या, तेव्हा त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि म्हणाले, हे दुसऱ्या कुणाला द्या. मालकाने दिलं. चित्र अजून खपतं. नव्या नवरा-नवरीला आहेर म्हणून देतात, बापाच्या तोंडावरची माया बघून बाया डोळ्यांना रुमाल लावतात. मला तेच रंगवायचं असतं. मी रंगवते, आणि त्या व्रणापाशी आले की दरवेळी आधी स्वतःच्या उजव्या गालाला हात लावते.

"बोलवा ना त्याला घरी," मी एकदा यास्परबाबांना म्हणाले. "तोंडाने म्हणा की, ये म्हणून."

"मी दार लावलं, टान्नेके," ते म्हणाले. "आता मी ये म्हटलं की तो नाही म्हणेल. मग त्यालाही ते जन्मभर बाळगावं लागेल. मी एकटा बाळगतोय ते बरंय."

गेल्या हिवाळ्यात, कालवे गोठायच्या आधी, ते गेले. छापयंत्राचा दांडा ओढता ओढता खाली बसले आणि उठलेच नाहीत. हिल्लेने नावाड्याकडे आम्‍स्टरडॅमला निरोप दिला. आमच्यात मयताच्या घराचं दार शेजारणीने सांभाळायचं असतं. कोण आलं ते बघायचं, नाव विचारायचं, आत घ्यायचं. म्हणून त्या सकाळी दाराशी मी होते. खालचा अर्धा भाग लावलेला, वरचा उघडा. गल्लीतले एकेक येत होते, मी कडी काढत होते, ते आत जात होते.

तो आला तेव्हा काळा कोट घातलेला होता, कुणाचा तरी मागून आणलेला. केस पिकायला लागले होते. मी त्याला लांबूनच ओळखलं आणि कडीला हात घातला. पण तो दारापासून दोन हात अलीकडेच थांबला. टोपी काढून हातात घेतली. ज्या घरात तो जन्मला त्या घराच्या दारात, त्याच्या जाण्यानंतर गल्लीत आलेल्या माझ्यासारख्या परक्या बाईला तो म्हणाला, "मी लीव्हन. यास्परचा मुलगा. आत येऊ का?"